टोप्या शिवणाऱ्या बाईचं पुढे काय झालं

आमच्या मामाजींनी प्रत लावली नाही अशी एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही समारंभ या भूतलावर शिल्लक नसावा. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, ओलावा आणि कचरा जोखायचा आणि प्रत सांगून टाकायची. सगळ्यांत वर सुपर, त्याखाली एफएक्यू, मग फेअर आणि सगळ्यांत शेवटी किडका, डागाळलेला तो कवडी. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण चिमूट काही सुटली नाही. सकाळचा चहा फेअर असतो, शेजारच्या लग्नातलं जेवण एफएक्यू असतं, चौकातल्या पुढाऱ्याचं भाषण हमखास कवडी असतं. रक्तदाब तपासायला गेले तर डॉक्टरांनाच म्हणाले, "तुमच्या हाताले ओलावा जास्त आहे, तब्येतीकडे लक्ष द्या." सुपर मात्र ते कुणालाच देत नाहीत. सुपर म्हणजे त्यांच्या मते माणसाने आयुष्यभर वाट पाहायची गोष्ट आहे.

मला पाहायला ते अकोल्याला आमच्या घरी आले होते, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पोहे दिले, त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, मी कोणत्या शाळेत शिकवते, आणि दुसरा, वर्गात पोरं गोंधळ घालतात तेव्हा मी काय करते. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हटलं की मी गप्प उभी राहते, मग तेच गप्प होतात. मामाजींनी मान हलवली आणि उठताना माझ्या वडलांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, पोरगी एफएक्यू आहे. माझे वडील पोस्टात होते, कापसाशी त्यांचा संबंध गादी-उशीपुरता. त्यांना वाटलं ही काहीतरी पदवी आहे आणि ती माझ्याजवळ नाही. रात्रभर ते माझी प्रमाणपत्रं उलटीसुलटी करत बसले. एफएक्यू म्हणजे पसंती, आणि तीही पहिल्या बैठकीतली, हे कळायला मध्यस्थाला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.

गादी-उशीवरून आठवलं. मामाजींना कुणाच्या घरी मुक्कामाला पाठवायचं म्हणजे आम्हाला धाकधूक असते. नांदगाव खंडेश्वरला नात्यातल्या एका लग्नाला ते गेले होते. यजमानांनी आदराने त्यांना मुलीच्या आंदणातली नवी कोरी गादी झोपायला दिली. सकाळी बघतात तर गादीची एका कोपऱ्यातली शिवण उसवलेली आणि मामाजी मांडी घालून चिमटीत कापूस ताणत बसलेले. वर पंधरा मिनिटं ते यजमानांना समजावत होते की गादीवाल्याने वरच्या थराला चांगला कापूस लावून आत जुना पिंजून भरला आहे. हळद दुपारी होती, आणि नवरीचा बाप सकाळीच गादीवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. गादी बदलून मिळाली. पण त्यानंतर त्या घरून मामाजींना आमंत्रण येतं ते "जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जाण्यास हरकत नाही" अशा निरोपासकट.

त्यांची आणखी एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मामाजींनी आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की ते उठत. बाहेर स्कूटर काढायला गर्दी होते, हे कारण. लग्नानंतरच्या पहिल्या सिनेमात सासूबाई नायकासाठी डोळे पुसत होत्या, नायक दवाखान्यात होता, आणि यांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. नायक वाचला की गेला ते सासूबाईंना आठ दिवसांनी शेजारणीकडून कळलं. पुढे स्कूटर विकली, टॉकीज बंद पडली, सिनेमा घरातल्या टीव्हीवर आला, तरी शेवटच्या पंधरा मिनिटांना मामाजींना फाटकाचं कुलूप, गच्चीवरची टाकी नाहीतर पोटात गडबड आठवतेच. एकदा मी विचारलं, शेवट काय झाला हे जाणून घ्यावंसं वाटत नाही का. ते म्हणाले, शेवट ते लोक आपल्या सोयीने करतात, त्यात पाहण्यासारखं काही नसतं. मी हसले होते. तेव्हा ती मला नुसती गंमत वाटली.

अमरावतीत आमच्या राजापेठेतल्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जुना परदेशी सिनेमा दाखवतात. ते खातं माझ्याकडे आहे. सिनेमा निवडायचा, सुरुवातीला पाच मिनिटं बोलायचं आणि शेवटी लोकांना प्रतिक्रिया विचारायच्या. गेल्या हिवाळ्यात मी एक कृष्णधवल अमेरिकी सिनेमा निवडला. नव्वदेक वर्षांपूर्वी तिकडे मोठी मंदी आली होती, कारखाने धडाधड बंद पडले होते, त्या काळातला. एका लहान गावातला बुटांचा कारखाना बंद पडतो. तिथल्या एका कामगाराला बायको आणि दोन मुलं. बाप मालगाडीच्या डब्यात चढून काम शोधायला निघून जातो, आई लोकांचे कपडे इस्त्री करून देते, थोरला मुलगा तिच्याजवळ राहतो, आणि सात वर्षांच्या धाकट्या मुलीला एका हिवाळ्यापुरतं बापाच्या बहिणीकडे, दूरच्या गावी पाठवतात. ही आत्या एकटी असते, बायकांच्या टोप्या शिवून विकते. एका हिवाळ्याचे दोन हिवाळे होतात. शेवटी कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजतो, बाप परत येतो, आत्या मुलीला गाडीत बसवून देते, मुलगी धावत जाऊन आईच्या गळ्यात पडते आणि सगळं गाव रस्त्यावर नाचतं. मी हा सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता आणि पोटभर रडले होते.

त्या रविवारी मामाजी म्हणाले, मी पण येतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे पाहिलं. मी मनात हिशेब केला की शेवटी ते उठून जातीलच, म्हणजे निदान प्रतिक्रियांच्या वेळी हजर नसतील. पण तिथे पोचलो तर प्रोजेक्टरची पिन बोर्डात सैल बसत होती, वायरला धक्का लागला की पडदा काळा. मामाजींनी खाली वाकून पाहणी केली, बोर्डाला कवडी ठरवलं आणि स्वतःहून पहिल्या रांगेत भिंतीकडची खुर्ची घेतली. पायाचा अंगठा पिनेवर दाबून ते बसले. म्हणजे अडीच तास त्यांना हलता येणार नव्हतं, आणि हे त्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला तासभर मामाजींनी सभागृह ताब्यात घेतलं. त्यांच्या मागच्या रांगेत भाजीबाजारातून थेट आलेल्या दोन आजीबाई होत्या. खालच्या इंग्रजी अक्षरांचं भाषांतर मामाजी त्यांना मोठ्याने करून देऊ लागले. बाप म्हणतो, बर्फ वितळायच्या आत परत येतो. मामाजी मान मागे वळवून म्हणाले, "बर्फ सरायच्या आत येतो म्हनून रायला. येत नाही तो." आजीबाईंनी चुकचुकाट केला. कारखाना बंद पडून चार महिने झाले तरी माणसांच्या अंगात कोट आणि डोक्यावर टोपी कशी, हा त्यांचा आक्षेप होता, आणि मंदी आली तरी यांची इस्त्री सुटली नाही असा शेरा त्यांनी मारला. सगळं सभागृह हसलं. मी कोपऱ्यात उभी राहून घाम पुसत होते. पण आई एका पावाचे तीन भाग करते आणि स्वतः ताटलीतला चुरा बोटाने टिपते तेव्हा त्यांनी कसलंही भाषांतर न करता नुसतं "बरोबर" म्हटलं. कापसात हात घातल्यावर धागा हवा तसा निघाला की ते म्हणत असतील तसं.

मग मुलगी आत्याकडे जाते. त्या घरात शिरताना ती आपलं गाठोडं खाली ठेवत नाही, आत्या घे म्हणते तरी ठेवत नाही, गाठोडं मांडीवर घेऊनच जेवते. इथून पुढे मामाजींचा आवाज बंद झाला. आजीबाई मागून विचारायच्या, "काय म्हनते जी ते?" मामाजी पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचे, "काई नाही म्हनत. केस विंचरून रायली." शेवटची पंधरा मिनिटं सुरू झाली तेव्हा ते खुर्चीत दोनदा पुढे सरकले. मला वाटलं आता उठतात. पण अंगठा पिनेवर होता आणि हातात घेतलेली जबाबदारी अर्धवट सोडून जाणं त्यांच्या रक्तात नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी मामाजींनी पहिल्यांदा सिनेमाचा शेवट पाहिला.

दिवे लागले. मी ठरल्याप्रमाणे विचारलं, कसा वाटला. एक निवृत्त प्राध्यापक नेहमीप्रमाणे आधी उठले आणि त्यांनी या सिनेमातला आशावाद समजावून सांगितला. ते बसायच्या आतच मामाजी उभे राहिले. अंगठा अजून पिनेवरच होता, त्यामुळे ते जरा तिरपे उभे होते. सुरुवात त्यांनी पुस्तकी मराठीत केली. सिनेमा तीन हिस्से सुपर आहे, ते म्हणाले. मी दचकले. आमच्या लग्नाला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या नोकरीला, नातीच्या जन्माला जो शब्द मिळाला नव्हता तो एका परक्या सिनेमाला मिळत होता. ती आई सुपर आहे, ते पुढे म्हणाले, ते गाठोडं सुपर आहे. आणि मग त्यांची भाषा घरच्या वळणावर गेली.

"पन शेवट कवडी आहे. दोन वर्सं दुसऱ्याच्या घरी रायलेलं लेकरू असं धावत नाही. ते उभं रायते. आपली माय कोनती ते त्याले एकदम समजत नाही."

प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले की काकाजी, ते धावणं म्हणजे एक प्रतीक आहे. मामाजी त्यांच्याकडे वळले. "असन प्रतीक. तुमी लहानपनी रायले का कोनाच्या घरी? नाही ना? मंग बसा." आणि प्राध्यापक खरोखरच बसले. मामाजी थोडा वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. "अन् ते टोप्यावाली बाई? पोरीले गाडीत बसोलं अन् खतम? तिचं काय झालं मंग? तिले एकदा बी नाही दाखोलं." मागच्या दोन आजीबाई म्हणाल्या, हो जी, नाहीच दाखवलं. मामाजींनी पिनेवरचा अंगठा काढला आणि सरळ बाहेर निघून गेले. माझं आभाराचं भाषण तसंच राहिलं. नंतर पाहिलं तर त्यांच्या चपला दारात होत्या आणि प्राध्यापकांच्या नव्हत्या.

मी घरी पोचले ती चिडूनच. चार लोकांसमोर असं बोलतात का, वगैरे मनात जुळवत होते. सासूबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शेवटपर्यंत बसले?" मी हो म्हटलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, काही बोलू नको त्यांना दोन दिवस. त्या दोन दिवसांत घरातल्या कशालाच प्रत मिळाली नाही. चहा नुसता प्यायले, भाजी नुसती खाल्ली. प्राध्यापकांच्या चपला परत नेऊन दिल्या आणि आपल्या न आणताच आले.

मंगळवारी दुपारी मी गच्चीत पेपर तपासत बसले होते. मामाजी खुर्ची ओढून शेजारी आले आणि विचारू लागले की तो सिनेमा बनवणारे आता कुणी जिवंत असतील का. मी म्हटलं, नसतील. मग विचारता येत नाही, असं ते जरा निराश होऊन म्हणाले. आणि मग माझ्याकडे न पाहता, समोरच्या दोरीवरच्या कपड्यांना सांगावं तसं, त्यांनी मला ते सांगितलं.

त्यांचे वडील अकोल्याला कापडाच्या गिरणीत होते. मामाजी सात वर्षांचे असताना गिरणी बंद पडली. वडील काम शोधत आधी खामगावला, मग बुऱ्हाणपूरला गेले. घरात थोरला भाऊ होता, त्याची कामाला मदत होई, आणि एक अंगावर पिणारी बहीण होती. मधल्याला, म्हणजे यांना, दर्यापूरला वडलांच्या बहिणीकडे पाठवलं, चार-दोन महिन्यांसाठी म्हणून. आत्याचं सासर मळेवाल्यांचं. वांगी, मेथी, शेवंती पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची. तिला मूलबाळ नव्हतं. चार-दोन महिन्यांची चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी हे रात्री उशीत तोंड घालून रडायचे. दुसऱ्या वर्षी रडणं थांबलं. तिसऱ्या वर्षी तिला माय म्हणू लागले, कधीपासून ते त्यांनाही आठवत नाही. चौथ्या वर्षी वडील न्यायला आले. आत्याने डोक्याला तेल लावलं, नवा सदरा घातला, एसटी स्टँडवर आणून बसवलं, आणि गाडी सुटायच्या आतच पाठ फिरवून चालू लागली. त्यांनी खिडकीतून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. अकोल्याला दारात आई उभी होती. तिने हात पसरले आणि हे तिथेच उभे राहिले. मग सख्ख्या आईला त्यांनी विचारलं, "पानी भेटन का?" परक्या दारात विचारतात तसं. आईने पाणी दिलं. त्यानंतर मरेपर्यंत त्या गोष्टीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

"आन् आत्या?" मी विचारलं.

आत्या अकोल्याला कधी आली नाही, ते म्हणाले. एकदाही नाही. नात्यातल्या लग्नात भेटली तर चार भाच्यांना विचारावं तसं 'कसा हायेस बापू' विचारायची आणि पुढे सरकायची. मग यांनीही तसंच केलं. मला तेव्हा एक जुनी गोष्ट उमगली, जी सासूबाई हसत हसत सांगायच्या. मामाजींना सलग तीन हंगाम दर्यापूरच्या केंद्रावर नेमणूक होती. आत्याचं घर केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर, आणि हे तिन्ही हंगाम स्टँडजवळच्या लॉजवर राहिले. आम्ही सगळे याला मामाजींचा विक्षिप्तपणा समजत होतो. आत्या आहेत का अजून, असं मी विचारलं. आहे, ते म्हणाले. पुतण्याजवळ असते. डोळे गेले आहेत.

मी कापसातली तज्ज्ञ नाही, पण वर्गात पोरं गप्प झाली की आता बोलायचं असतं एवढं मला कळतं. मी म्हटलं, येत्या रविवारी मला सुटी आहे. मामाजी म्हणाले, कशासाठी. मी म्हटलं, दर्यापूरला मेथी स्वस्त असेल. यावर त्यांनी मेथीच्या हंगामावर दहा मिनिटं भाषण केलं, आणि रविवारी सकाळी सातला तयार होऊन फाटकात उभे राहिले.

आत्या अंगणात बाजेवर उन्हाला बसली होती. वय नव्वदीच्या घरात, अंग वाळून एवढंसं झालेलं, डोळ्यांत पांढुरकी साय. पुढ्यात मेथीची जुडी होती आणि बोटं न पाहता पानं खुडत होती. पुतण्याने मोठ्याने सांगितलं, अमरावतीहून पाहुणे आले. मामाजी नुसते खाकरले. आत्या म्हणाली, "बस. उभा काहून?" आणि बाजेवर सरकून तिने जागा केली.

मामाजी बसले. तब्येत विचारली, ती आहे म्हणाली. पाऊस विचारला, तो झाला म्हणाली. मग एकाएकी त्यांनी सिनेमा सांगायला सुरुवात केली. मी दोन्ही सिनेमे साक्षीदार म्हणून पाहिले आहेत, वाचनालयातला आणि दर्यापूरच्या अंगणातला, आणि खरं सांगते, दुसरा जास्त चांगला होता. मामाजींनी कारखान्याची गिरणी केली, मालगाडी खामगावच्या बाजूला नेली, आणि टोप्या शिवणाऱ्या बाईला मूळ सिनेमात नव्हते असे कितीतरी प्रसंग दिले. ही बाई मुलीला ताप आला तेव्हा तीन रात्री जागली. हिने शेजारच्या पोराने मारलं म्हणून त्याच्या घरी जाऊन भांडण केलं. मुलीला अंधाराची भीती वाटते म्हणून ही कंदील कधी पूर्ण विझवत नसे. आत्याची बोटं मेथी खुडत होती, पण फार हळू. सांगता सांगता मामाजी स्टेशनापर्यंत आले. बाईने मुलीला गाडीत बसवलं, असं म्हणाले आणि थांबले.

"मंग? गेली पोरगी?" आत्याने विचारलं.

"गेली."

"चांगलं झालं."

मामाजी एकदम तापले. काय चांगलं झालं, म्हणाले, त्या बाईला पुढे कुणी दाखवलंसुद्धा नाही. आत्या शांतपणे म्हणाली, "काय दाखवाचं तिले? मेली का ते? आपलं काम करत असन घरी." मला हसू आलं, पण मामाजींकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटांची चिमूट झाली होती, रिकामीच.

"तू काहून नाही आली अकोल्याले?" ते म्हणाले. "एकदा बी?"

आत्याने खुडलेली पानं परातीत टाकली. "आल्ती," ती म्हणाली.

तिने ते फार साधं सांगितलं. मामाजींना नेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी टोपलीत वांगी घेऊन ती पहिल्या एसटीने अकोल्याला गेली होती. पत्ता विचारत गल्लीच्या तोंडाशी पोचली. पाहते तर पोरगा धाकट्या बहिणीला हाताला धरून नळावर उभा. घरातून आईने हाक मारली, आणि तो भरलेली कळशी एका हातात, बहिणीचा हात दुसऱ्या हातात असा आईच्या मागे घरात गेला. "तू तुह्या मायच्या मांगं मांगं चालला होता," आत्या म्हणाली. "म्या म्हटलं, लागला जीव. आता आवाज देला तं हा माह्या मांगं येईन. मंग तुह्या मायनं काय करावं?" म्हणून ती तिथूनच मागे फिरली. पुढेही आली नाही ती त्याच कारणाने. स्टँडवर वळून पाहिलं नाही तेही त्याच कारणाने, पण ते तिने सांगितलं नाही. ते आम्हाला समजलं.

पुतण्याची सून चहा घेऊन आली आणि तसाच ठेवून गेली. मामाजींनी घसा साफ केला.

"वांगे काय केले मंग?"

"इकले तिथंच," आत्या म्हणाली. "एवढे भारी वांगे का परत आनाचे होते?"

तेव्हा मामाजी हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुसायला रुमाल सापडेना म्हणून आत्याच्या लुगड्याचा पदर घेतला. तिने घेऊ दिला. मी उठून आत गेले. पुतण्याच्या सुनेला मेथी निवडायला हात लावते म्हटलं, आणि मेथी तर सगळी बाहेर होती.

परतीची एसटी चारची होती. साडेतीनला मी बाहेर आले तर मामाजींनी चपला काढून बाजेखाली सारल्या होत्या. मला म्हणाले, "बेटा, तू हो पुढं. मी येतो मांगून." केव्हा, ते मी विचारलं नाही. पुतण्याने मला स्टँडवर सोडलं. खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना फुटलेल्या कापसाची काळी शेतं होती. मी विचार करत होते की चार वर्षं जेवू घातलेल्या माणसाला इतकी वर्षं हाक न मारणं याला किती बळ लागत असेल, आणि तिची वाट पाहत रुसून बसणाऱ्या सात-अकरा वर्षांच्या पोराला आम्ही सगळे इतके दिवस विक्षिप्त म्हातारा समजत होतो.

सोमवारी मामाजी आले नाहीत. मंगळवारी, बुधवारीही नाहीत. सासूबाईंनी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोन सदरे दर्यापूरच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिले. गुरुवारी संध्याकाळी मी फोन केला. नेहमी मामाजी फोनवर असे बोलतात की फोनची गरज नाही, राजापेठेत सरळच ऐकू यावं. त्या दिवशी मला दोनदा हॅलो म्हणावं लागलं. आवाज अगदी खाली होता. आत्या आताच जेवून झोपली आहे, ते म्हणाले, तिची झोप सावध आहे.

मी विचारलं, तुम्ही काय करून राहिले मग.

"काई नाही," ते म्हणाले. "जवळ बसलो हावो."